मैदान सुटल्यावर

परभणीत पहाटे साडेपाचला मैदानावर गेलात तर माणसं दिसायच्या आधी पायांचा आवाज ऐकू येतो. भरतीची पोरं पळत असतात. कुणी जिंतूरकडचा, कुणी सेलू-मानवतचा, कुणी गंगाखेड-पालमचा. तिघं-चौघं मिळून शहरात खोली करून राहिलेली. पोलीस भरतीचे सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, यावर त्यांचं अख्खं वर्ष उभं असतं. यातले बरेच जण जुने खेळाडू. कुणी शाळेत असताना कबड्डीत विभागापर्यंत गेलेला, कुणी खो-खोत जिल्ह्याकडून खेळलेला, कुणी गावच्या जत्रेत नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून मोठ्या कुस्तीपर्यंत पोचलेला.

उजाडल्यावर तिथून एसटी स्टँडकडे निघा. भिंतींवर, विजेच्या खांबांवर एक जाहिरात हमखास चिकटवलेली असते : ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा.’ खाली मोबाईल नंबर.

मैदान आणि ही भिंत यांच्यात चालत गेलं तर फारसं अंतर नाही. आयुष्यातही ते फारसं नसतं. मैदान गाजवलेला माणूस व्यसनापर्यंत कसा जातो, त्याच्यामागे पोलीस आणि कोर्ट कसं लागतं आणि तिथून त्याला परत कसं आणता येतं, हे नीट समजून घ्यायला हवं. आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं त्याचं सगळ्यात मोठं मराठी उदाहरण म्हणजे विनोद कांबळी.

तेविसाव्या वर्षी शेवटची कसोटी

फेब्रुवारी १९८८. मुंबईचं आझाद मैदान, हॅरिस शिल्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचा सामना. शारदाश्रम विद्यामंदिरच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागीदारी केली. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९. त्या दिवशी धावफलकावर विनोदचा आकडा सचिनपेक्षा मोठा होता. कांजूरमार्गच्या वस्तीतून लोकलनं किट सांभाळत येणारा, मेकॅनिकचं काम करणाऱ्या बापाचा हा मुलगा. रणजी कारकिर्दीतल्या पहिल्याच चेंडूवर त्यानं षटकार मारला होता.

१९९३ साली कसोटीत आल्यावर त्यानं वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४ केल्या. लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७. मग श्रीलंकेत जाऊन आणखी दोन शतकं. हजार कसोटी धावा त्यानं १४ डावांत पूर्ण केल्या आणि एवढ्या झटपट ते आजवर दुसऱ्या कुणा भारतीयाला जमलेलं नाही. १७ कसोटी, १०८४ धावा, ५४.२० ची सरासरी. हे आकडे एखाद्या मोठ्या कारकिर्दीच्या सुरुवातीचे वाटतात. पण नोव्हेंबर १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, तो शेवटची कसोटी खेळला. मार्च १९९६ च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर प्रेक्षकांच्या गोंधळात खेळ थांबला तेव्हा रडत मैदानाबाहेर येणारा विनोद सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिला. एकदिवसीय सामन्यांत तो येत-जात राहिला आणि ऑक्टोबर २००० नंतर तेही संपलं.

पुढची हकीकत वर्तमानपत्रांच्या वेगळ्या पानांवर छापली गेली. २०१२ साली ॲन्जिओप्लास्टी झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये गाडी चालवतानाच त्याच्या छातीत दुखू लागलं, तेव्हा रस्त्यावरच्या पोलिसांच्या मदतीनं त्याला लीलावती रुग्णालयात पोचवण्यात आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यानं स्वतःच सांगितलं, की क्रिकेट मंडळाची ३० हजारांची पेन्शन हेच आपलं एकमेव उत्पन्न आहे आणि आपल्याला काम हवंय.

कायद्याशी गाठ पडली ती याच काळात. २७ फेब्रुवारी २०२२ रोजी वांद्र्यात त्याची गाडी सोसायटीच्या गेटवर आदळली. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल पोलिसांनी त्याला अटक केली, नंतर जामिनावर सोडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्नीच्या तक्रारीवरून वांद्रे पोलिसांनी गुन्हा नोंदवला. दारूच्या नशेत त्यानं आपल्याला दुखापत केली, अशी ती तक्रार होती. तक्रार म्हणजे निकाल नव्हे, हे इथं लक्षात ठेवायला हवं. पण एका घरात दारू कुठवर शिरली होती, ते त्यातून कळतं. आपण घटस्फोटासाठी अर्ज केला होता, पण आपण सोडून गेलो तर याचं कसं होणार या काळजीनं तो मागे घेतला, असं त्याच पत्नीनं पुढे एका मुलाखतीत सांगितलं. मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतल्या बायकांना हे वाक्य आपलंच वाटेल.

शिवाजी पार्कवरचा हात

३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर सचिन-विनोदचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सर यांच्या स्मारकाचं अनावरण झालं. व्यासपीठावर विनोद खुर्चीत बसला होता. सचिन त्याच्याजवळ गेला. विनोदनं त्याचा हात धरला आणि बराच वेळ तो सोडायला तयार झाला नाही. नंतर माईकवर त्यानं सरांना आवडणारं एक जुनं हिंदी सिनेगीत म्हटलं. जीभ जड झाली होती, शब्द अडखळत होते. एका सरांच्या हाताखाली, एकाच मैदानावर घडलेली दोन माणसं. दोघांचं वय जवळपास सारखं. एक ताठ उभा, दुसऱ्याला उभं राहायलाही आधार लागत होता.

तो व्हिडिओ घरोघर पोचला. कपिलदेव आणि १९८३ च्या विश्वविजेत्या संघातल्या खेळाडूंनी सांगितलं, की विनोद उपचाराला तयार असेल तर आम्ही मदत करू. तोही तयार झाला. याआधी तो १४ वेळा व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आल्याचं त्याच्या मित्रानं सांगितलं. त्याच महिन्यात तब्येत बिघडून त्याला भिवंडीजवळच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं. मेंदूत रक्ताच्या गुठळ्या असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. १ जानेवारी २०२५ ला भारतीय संघाची जर्सी घालून तो घरी निघाला, आणि निघताना त्यानं लोकांना व्यसनांपासून दूर राहायला सांगितलं. पुढे एप्रिल २०२५ पासून सुनील गावसकर यांच्या ‘चॅम्प्स’ फाउंडेशननं त्याला दरमहा ३० हजार रुपयांचं साहाय्य आणि औषधपाण्यासाठी दरवर्षी वेगळी रक्कम सुरू केली.

चौदा हा आकडा वाचून बहुतेक जण म्हणतात, ‘चौदा वेळा जाऊन सुधारला नाही, आता काय सुधारणार?’ या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

मेंदूत काय होतं

आपल्या मेंदूत सुखाची नोंद ठेवणारी एक यंत्रणा असते. भूक लागल्यावर भाकरी मिळाली, आईनं पाठ थोपटली, चढाईला गेलेला गडी पॉइंट घेऊन परत आला, की तिथं डोपामिन नावाचं रसायन पाझरतं आणि मेंदू शिकतो : हे चांगलं आहे, पुन्हा कर. दारू, गर्द, एमडी (मेफेड्रोन) हे पदार्थ याच यंत्रणेला सरळ हात घालतात. काही पदार्थांनी डोपामिनचा असा लोंढा येतो, की रोजच्या आयुष्यातलं कुठलंच सुख त्याच्या जवळपास पोचत नाही.

लोंढा वारंवार आला की मेंदू स्वतःचा बचाव करतो, त्या रसायनाला प्रतिसाद देणं कमी करतो. मग एका क्वार्टरनं जे व्हायचं त्याला दोन लागतात. आणि दारू नसेल तेव्हा जेवण, गप्पा, पोरांचं खेळणं, सगळं बेचव लागतं. याच काळात कपाळामागचा भाग, जो आपल्याला ‘थांब, उद्या कोर्टाची तारीख आहे’ असं सांगतो, तो दुबळा होतो. गाडीला वेग आहे पण ब्रेक लागत नाही, अशी ही अवस्था असते. ‘मनात आणलं असतं तर सोडली असती’ हे घरच्यांचं म्हणणं इथं तोकडं पडतं, कारण ज्या मनानं आणायचं तेच आजारी असतं.

म्हणूनच व्यसन पुन्हा उलटणं हा या आजाराच्या स्वभावाचाच भाग आहे. मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला नालायक म्हणत नाही, औषध बदलतो, पथ्य पाळायला लावतो. चौदा वेळा केंद्रात गेलेला माणूस चौदा वेळा मदत मागायला गेला, हेही तितकंच खरं. अनेकांना थांबायला बरेच प्रयत्न लागतात, आणि प्रत्येक प्रयत्नातले दारूविना गेलेले दिवस शरीराच्या आणि घराच्या जमेला धरायचे असतात.

खेळाडूच का घसरतात

खेळाडू म्हणजे शिस्तीचा माणूस, तो कसा व्यसनात अडकेल? पण खेळाडूच्या आयुष्यात काही जागा फार निसरड्या असतात.

पहिली म्हणजे खेळ लवकर संपतो. शिक्षक किंवा कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, तोवर घर, मुलं, ओळखी सगळं मार्गी लागलेलं असतं. कबड्डीपटू किंवा पैलवान तिशीच्या आसपासच थांबतो, आणि गावातला चढाईबहाद्दर तर कित्येकदा पंचविशीतच. लहानपणापासून लोक त्याला ज्या नावानं ओळखत आले ती ओळखच निघून जाते. ‘आता तू कोण?’ या प्रश्नाचं उत्तर त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

दुसरी जागा दुखापतीची. गुडघा, खांदा, कंबर. वेदना मारण्यासाठी गोळी, झोप यावी म्हणून गोळी. दुखणं थांबतं, गोळी थांबत नाही.

तिसरी जागा कौतुकाची. जिंकल्यावर खांद्यावर घेणारी माणसं जिंकल्याचीच पार्टीही देतात. पहिला पेला बहुतेकदा शत्रू देत नाही, चाहता देतो. खेळ सुटल्यावर कौतुकाचा तो आवाज बंद होतो आणि त्याची पोकळी बाटली भरून काढते. अंगातली ताकद, चिकाटी, वेदना सहन करण्याची सवय हे खेळाडूचे गुण व्यसनात त्याच्यावरच उलटतात. शरीर पुष्कळ दिवस सोसतं, त्यामुळे आजार उशिरा दिसतो.

हे एकट्या विनोदचं किंवा भारताचं नाही. दिएगो माराडोना फुटबॉलचा देव मानला गेला. १९९१ मध्ये चाचणीत कोकेन सापडल्यामुळे त्याच्यावर १५ महिन्यांची बंदी आली आणि त्याच वर्षी ब्युनोस आयर्समध्ये त्याला अटकही झाली. जगभरच्या क्रीडासंस्थांनी यातून काही शिकून घेतलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२१ पासूनच्या नियमांत कोकेन, हेरॉईन, गांजा यांसारख्या नशेच्या पदार्थांचा वेगळा वर्ग केला आहे. खेळाडूनं तो पदार्थ स्पर्धेबाहेर, खेळ सुधारण्याशी संबंध नसताना घेतला असेल तर बंदी तीन महिन्यांची, आणि त्यानं उपचार पूर्ण केले तर ती एक महिन्यावर येऊ शकते. फसवणूक करणारा आणि आजारी असणारा, हा फरक या नियमानं मान्य केला.

कायदा काय म्हणतो

हाच फरक आपल्या कायद्यातही आहे, पण तो पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेल्या बापाला सहसा कुणी सांगत नाही.

दारूचं आधी पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा होतो. पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. गेट मोडलं तर भरून देता येतं. गेटच्या जागी माणूस असता तर काय, याचा विचार गाडीची किल्ली हातात घेण्याआधी करायचा असतो.

अमली पदार्थांसाठी १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्यात पदार्थ किती सापडला यावर सगळं ठरतं. हेरॉईन ५ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प प्रमाण, २५० ग्रॅमपासून व्यापारी प्रमाण. गांजा एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोपासून व्यापारी. व्यापारी प्रमाणाला दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी आहे आणि कलम ३७ मुळे जामीन मिळणं फार अवघड. फक्त सेवन केल्याबद्दल कलम २७ लागतं. पदार्थ कोणता त्यानुसार सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

आणि आता ते कलम, जे प्रत्येक पालकानं आणि प्रत्येक प्रशिक्षकानं पाठ करावं : कलम ६४-अ. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असेल, आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. अट एकच, उपचार पूर्ण करायचे. मध्येच सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ नुसार दोषी ठरलेल्या व्यसनी माणसालाही न्यायालय तुरुंगाऐवजी उपचारासाठी सोडू शकतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तर दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजारातच धरलं आहे. त्यामुळे रुग्णाला साखळीनं बांधणं हा कायद्याचा भंग ठरतो, मग ते घरी असो की केंद्रात.

धोक्याची रेषा दुसरीकडे आहे. नशेला पैसे पुरेनासे झाले की पोरगा आधी मित्रासाठी पुडी आणून देतो, मग चार जणांसाठी, मग त्यातूनच स्वतःचा खर्च काढतो. त्याच्या मनात तो अजून ‘घेणारा’च असतो, पण कायद्याच्या लेखी विकणारा झालेला असतो. ही रेषा ओलांडली की ६४-अ चा हात त्याच्यापर्यंत पोचत नाही. पंजाबचा जगदीश भोला हा अर्जुन पुरस्कारविजेता पैलवान, पुढे पोलीस उपअधीक्षक. अमली पदार्थांच्या मोठ्या टोळीच्या प्रकरणात त्याला २०१३ मध्ये अटक झाली आणि २०१९ मध्ये न्यायालयानं दोषी ठरवलं. आजाऱ्याबद्दल करुणा हवी, व्यापाऱ्याबद्दल कायद्यानं कठोरच व्हायला हवं.

आपल्या मैदानाच्या कडेला

परभणीला हे सगळं लांबचं वाटत असेल तर दोन शब्द ऐका : ‘टर्मिन’ आणि ‘बटन’.

टर्मिन म्हणजे मेफेंटरमाइनचं इंजेक्शन. मणक्यात भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला तर तो सावरण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. जिममधली पोरं ते दम वाढवण्यासाठी टोचून घेतात. पुण्यासह राज्यात ठिकठिकाणी पोलिसांनी याचे बेकायदा साठे पकडले आहेत. हे इंजेक्शन स्नायू वाढवत नाही. ते हृदयाला चाबूक मारून पळवतं आणि थकव्याची खूण झाकतं. थकवा म्हणजे शरीरानं दिलेला इशारा. तो ऐकूच आला नाही तर हृदय कुठं थांबायचं ते स्वतःच ठरवतं. पुन्हा पुन्हा घेतल्यावर याचीही सवय लागते. आंतरराष्ट्रीय खेळांत हा पदार्थ बंदी असलेल्या उत्तेजकांच्या यादीत आहे.

‘बटन’ हे मराठवाड्यात झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांचं नाव. चिठ्ठीशिवाय मिळाली, स्वस्तात मिळाली, वास येत नाही, म्हणून पोरांना ती निरुपद्रवी वाटते. पण नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम या गोळ्या एनडीपीएस कायद्यातच येतात. औषधाच्या दुकानातून आलेली वस्तू म्हणजे गुन्हा नाही, हा समज पोराला लॉकअपपर्यंत नेतो. आणि एमडी तर शेजारी येऊन ठेपलंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरात महसूल गुप्तचर यंत्रणेनं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभला पुणे पोलिसांनी टाकलेल्या छाप्यांनी ते दाखवून दिलं.

तरीही सगळ्यात मोठा शत्रू दारूच. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यातल्या ५ कोटी ७० लाखांना तिच्यापायी मदतीची गरज आहे. दारूवर पूर्ण अवलंबून झालेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठला तरी उपचार मिळतो. उरलेले सदतीस भिंतीवरच्या जाहिरातीकडे बघतात.

परत आलेली माणसं

टोनी ॲडम्स हा इंग्लंडचा फुटबॉलपटू, आर्सेनल संघाचा कर्णधार. १९९० मध्ये दारू पिऊन गाडी ठोकल्याबद्दल त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली आणि निम्मी त्यानं तुरुंगात काढली. सुटल्यावरही पुढची काही वर्षं तो पीतच राहिला. १९९६ मध्ये त्यानं स्वतःच्या संघासमोर उभं राहून आपण दारूडे आहोत हे कबूल केलं आणि दारू सोडली. त्यानंतर त्याच्या नेतृत्वाखाली आर्सेनलनं १९९८ मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. २००० साली त्यानं खेळाडूंसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ नावाचं उपचारकेंद्र काढलं. विनोदची आणि त्याची गाडी सारखीच आदळली होती. फरक पडला तो एका दिवशी सगळ्यांसमोर दिलेल्या कबुलीनं, आणि ती ऐकून त्याला संघात ठेवणाऱ्या माणसांमुळे.

आपल्याकडे हे काम पुण्याच्या ‘मुक्तांगण’नं आणखी आधी सुरू केलं. गर्दच्या विळख्यात सापडलेल्या मुलांवर अनिल अवचटांनी लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला डॉ. अनिता अवचटांनी हे केंद्र उभं केलं. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते चालवतात. तिथं रुग्णाला ३५ दिवस राहावं लागतं. पहाटे उठणं, व्यायाम, स्वतःची कामं स्वतः करणं, गटात बसून खरं बोलणं, घरच्यांचं समुपदेशन, आणि घरी गेल्यावर नियमित फॉलोअप. अंडरवर्ल्डमध्ये वावरलेला, तुरुंग भोगलेला आणि व्यसनात बुडालेला राहुल जाधव इथं आला, इथंच धावायला लागला आणि पुढे लांब पल्ल्याचा धावपटू म्हणून नावारूपाला आला. खेळ सुटल्यामुळे माणूस व्यसनात जातो हे जितकं खरं, तितकंच खेळ धरल्यानं तो बाहेर येतो हेही.

घरच्यांनी आणि गुरुजींनी काय करावं

पहिली गोष्ट : भिंतीवरच्या त्या जाहिरातीला फोन करू नका. अशा पुडीत काय असतं ते कुणी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं एक औषध अशा रीतीनं जेवणातून नकळत दिलं जातं. ते पोटात असताना माणूस दारू प्यायला तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकाराच्या माणसाच्या ते जिवावर बेततं. हे औषध द्यायचंच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनं.

दुसरी : वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडू नका. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन माणूस नसलेलं बघायला-ऐकायला लागतो. हे जीवघेणं असू शकतं. दारू सोडवण्याची सुरुवात रुग्णालयात करायची असते. त्यासाठी सरकारी जिल्हा रुग्णालयातले मानसोपचार डॉक्टर गाठा.

तिसरी : मारझोड करणारं, नोंदणी नसलेलं केंद्र टाळा. नोंदणी विचारा, डॉक्टर कोण ते विचारा, रुग्णाला भेटू देतात का ते विचारा.

चौथी : त्याची कर्जं गुपचूप फेडू नका, त्याच्या वतीनं खोटं बोलू नका, पण त्याला एकटंही सोडू नका. आणि तो हात उचलत असेल तर पोलिसांत जाणं हा तुमचा हक्क आहे. आजार ही मारहाणीची सबब नाही.

तालमीतले वस्ताद, शाळेतले क्रीडाशिक्षक, अकादमीतले सर यांना वेगळं सांगणं आहे. पोराला आपण सुरुवात कशी करायची ते शिकवतो, थांबायचं कसं ते शिकवत नाही. खेळाबरोबर पदवी, एखादं हातातलं कौशल्य, पंचाची परीक्षा, प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम यांतलं काहीतरी त्याच्या पदरात पडेल असं बघा. भरतीत दोन गुणांनी राहिलेल्या पोराला यादी लागल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मैदानावर बोलवा. त्याच्याकडून लहान पोरांना चढाई शिकवून घ्या, शिट्टी त्याच्या हाती द्या. ज्याला मैदानावर काम आहे त्याची मैदानाशी असलेली नाळ तुटत नाही.

आणि हे वाचणारा कुणी स्वतःच त्या वाटेवर असेल तर त्याला एवढंच सांगायचंय. मित्रा, सोळाशे मीटर धावताना तू शेवटच्या फेरीचा विचार पहिल्याच फेरीत करत नव्हतास. पाय पुढे टाकत होतास. इथंही तसंच आहे. फक्त आजचा दिवस बिनदारूचा, बिनगोळीचा काढायचा, उद्याचं उद्या. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा मोफत फोन नंबर १४४४६ आहे आणि मन फार अस्वस्थ झालं तर टेलिमानसचा १४४१६. पहिला फोन तुला जमत नसेल तर घरातल्या कुणाला तरी लावायला सांग, पण आजच.